सागरी गंधक : शैवालापासून ढगापर्यंत

मक्याची कोवळी कणसे उकडताना घरभर जो गोडसर, किंचित उग्र वास पसरतो, त्यात मोठा वाटा एका साध्या गंधकयुक्त वायूचा असतो. कोबी फार वेळ शिजल्यावर येणाऱ्या वासातही तोच असतो. ओहोटीच्या वेळी खडकांवर वाळत पडलेल्या शैवालाजवळ आपण ज्याला ‘समुद्राचा वास’ म्हणतो, त्याचाही तो एक घटक आहे. या वायूचे नाव डायमिथिल सल्फाइड, संक्षेपाने डीएमएस. जगातील महासागरांमधून तो दरवर्षी इतक्या प्रमाणात बाहेर पडतो की, त्यातील केवळ गंधकाचे वजन सुमारे २.७ कोटी टन भरते. हे गंधक हवेत कसे जाते, त्याच्या जोडीने कर्बाचा कोणता व्यवहार घडतो आणि त्यावरून हवामानाविषयी काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शेतीशी याचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तो तितका दूरचा नाही, हे ओघाने दिसेल.

हिशेबातील तूट

गंधकाच्या जागतिक हिशेबात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक तूट राहात होती. नद्या जमिनीवरचे गंधक सल्फेटच्या रूपाने सतत समुद्रात वाहून नेतात. खडकांची झीज आणि कारखान्यांचा धूर यांतून जमिनीला जे गंधक मिळते, त्याने हा खर्च भरून निघत नव्हता. याचा अर्थ समुद्रातून हवेच्या मार्गाने काही गंधक जमिनीकडे परतत असले पाहिजे. लाटांच्या तुषारांबरोबर मिठाचे कण उडतात व त्यांत सल्फेट असते, हे ठाऊक होते. परंतु हे कण जाड असल्याने बहुतांशी पुन्हा समुद्रातच पडतात. म्हणून हायड्रोजन सल्फाइड हा वायू ही कामगिरी बजावत असावा, असे गृहीत धरले गेले. अडचण अशी की, प्राणवायूने भरलेल्या समुद्रपृष्ठाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड फार काळ टिकत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ या संशोधन जहाजावरून ब्रिटनपासून अंटार्क्टिकाच्या दिशेने प्रवास करताना पृष्ठजलाचे नमुने तपासले. वाटेत जवळजवळ सर्वत्र त्यांना डीएमएस आढळले. १९७२ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि हिशेबातील हरवलेला दुवा सापडला. हा वायू शैवालांतून निघतो हे मात्र रसायनशास्त्रज्ञांना त्याआधीच माहीत होते. १९३५ साली एका तांबड्या शैवालातून तो निघताना नोंदला गेला होता आणि १९४८ मध्ये चॅलेंजर व सिम्प्सन यांनी त्याच शैवालातून त्याचे पूर्वद्रव्य वेगळे केले होते. डायमिथिलसल्फोनिओप्रोपिओनेट असे लांबलचक नाव असलेल्या या पूर्वद्रव्याला यापुढे डीएमएसपी म्हणू. जे द्रव्य दोन तपे प्रयोगशाळेतील एक कुतूहल म्हणून पडून होते, ते जागतिक गंधकचक्राच्या केंद्रस्थानी आले.

शैवालाला डीएमएसपी कशासाठी हवे?

कृषिशास्त्राच्या वाचकाला या प्रश्नाचे उत्तर ओळखीचे वाटेल. क्षारपड जमिनीत किंवा पाण्याच्या ताणाखाली वाढणाऱ्या वनस्पतीला पेशीतील पाणी धरून ठेवावे लागते. बाहेर क्षारांचे प्रमाण वाढले की पाणी बाहेर ओढले जाते. ते रोखायचे तर पेशीच्या आत असे एखादे विद्राव्य द्रव्य साठवावे लागते, जे विकरांच्या कामात अडथळा आणणार नाही. पालक, बीट, गहू, बार्ली या पिकांत ग्लायसिन बीटेन हे द्रव्य अशी कामगिरी करते. भातात ते स्वभावतः साठत नाही, म्हणूनच क्षारसहिष्णुतेच्या संशोधनात भाताला बीटेन तयार करण्याची क्षमता देण्याचे प्रयत्न झाले आहेत.

डीएमएसपी हे ग्लायसिन बीटेनचे जणू गंधकाच्या बाजूचे भावंड आहे. बीटेनमध्ये ज्या जागी नत्राचा अणू असतो, तेथे डीएमएसपीमध्ये गंधकाचा अणू असतो. समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाच्या दृष्टीने हा बदल मोठ्या फायद्याचा आहे. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या वरच्या थरात नायट्रेट इतके अल्प असते की वाढ त्यावरच अडून राहते. गंधकाची मात्र तेथे कधीच टंचाई नसते; एक किलो समुद्रजलात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. दुर्मीळ नत्र प्रथिनांसाठी राखून ठेवायचे आणि पाणी धरून ठेवण्याचे काम मुबलक गंधकाकडून करून घ्यायचे, ही काटकसर आहे. पेशीला घातक ठरणाऱ्या प्राणवायूच्या क्रियाशील रूपांना निष्प्रभ करणे, भक्षकांना परावृत्त करणे, अशी अन्य कामेही डीएमएसपीकडे असावीत, असे पुरावे आहेत. ज्यांच्या चुनखडीच्या कवचकणांतून खडू बनतो त्या एमिलियानिया हक्सलेयीसारख्या जाती, फिओसिस्टिस आणि अनेक डायनोफ्लॅजेलेट हे द्रव्य विपुल साठवतात. डायाटममध्ये त्याचे प्रमाण सहसा बरेच कमी असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जमिनीवरील वनस्पतींत डीएमएसपी फार थोड्या ठिकाणी आढळते. खाऱ्या दलदलीतील स्पार्टिना गवत, उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर पसरणारी वोलास्टोनिया ही पिवळ्या फुलांची वनस्पती आणि आपला ऊस, ही त्यातली ठळक नावे. उसाच्या पानांत समुद्री शैवालाचे रसायन सापडावे, ही गोष्ट वाचताना थोडी थबकायला लावते.

एका रेणूच्या दोन वाटा

सागरी वनस्पतिप्लवक दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन कर्ब स्थिर करतात. त्यातील साधारण १ ते १० टक्के कर्ब जागेनुसार व जातीनुसार डीएमएसपीच्या रूपात बांधला जातो. जगभरातील डीएमएसपीचे वार्षिक उत्पादन शंभर कोटी टनांच्या घरात असावे असा अंदाज आहे. शैवाल जिवंत व निरोगी असते तोवर हे द्रव्य बहुतांशी पेशीतच राहते. प्राणिप्लवकाने पेशी फोडली, विषाणूने ती मारली किंवा ती जीर्ण झाली की डीएमएसपी पाण्यात मिसळते आणि जीवाणूंचे अन्न बनते. गंधकचक्र आणि कर्बचक्र येथे एकमेकांत गुंततात.

जीवाणूंपुढे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात रेणूतून एक मिथिल गट काढला जातो आणि पुढील पायऱ्यांत मिथेनथायोल तयार होऊन गंधक जीवाणूच्या स्वतःच्या प्रथिनांत जाते. कर्ब त्याच्या वाढीला लागतो. या मार्गाचे पहिले जनुक २००६ साली ओळखले गेले. दुसऱ्या मार्गात रेणू मधोमध तोडला जातो. त्यातून डीएमएस वायू सुटतो आणि उरलेला तीन कर्बअणूंचा तुकडा खाल्ला जातो. तोडण्याची विकरे एक नसून अनेक आहेत, ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेली दिसतात. एमिलियानिया हक्सलेयीमधील असे विकर २०१५ मध्ये उकलले. पहिल्या वाटेने गेलेले गंधक पाण्यातील अन्नजालातच फिरत राहते. दुसऱ्या वाटेने गेलेल्या गंधकाला हवेत जाण्याची संधी मिळते.

कोणती वाट घेतली जाते, हे बऱ्याच अंशी जीवाणूच्या गरजेवर ठरते. समुद्रातील सर्वांत विपुल जीवाणुगट म्हणजे एसएआर-११. सभोवताली सल्फेटचा महापूर असूनही तो ते वापरू शकत नाही, कारण सल्फेटचे क्षपण करण्याची जनुकेच त्याच्यापाशी नाहीत. त्याला डीएमएसपी किंवा मिथिओनिनसारख्या तयार सेंद्रिय गंधकावर अवलंबून राहावे लागते, हे २००८ साली दाखवले गेले. पुढे २०१६ मध्ये असे दिसले की, या जीवाणूकडे दोन्ही मार्ग आहेत. डीएमएसपी त्याच्या गंधकाच्या गरजेपेक्षा जास्त मिळू लागले की उरलेले गंधक तो डीएमएस व मिथेनथायोलच्या रूपात सोडून देतो. जमिनीत नत्र मुबलक असताना अतिरिक्त नत्र वायुरूपाने कसे निसटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा व्यवहार समजायला वेळ लागू नये.

पाण्यात तयार झालेले सारे डीएमएससुद्धा हवेत पोहोचत नाही. बराचसा भाग दुसरे जीवाणू खातात, काही सूर्यप्रकाशाने विघटित होतो, आणि साधारण दहावा हिस्सा पृष्ठभाग ओलांडतो. म्हणजे मूळ डीएमएसपीतील गंधकाचा अगदी लहान अंश ढगांपर्यंत जाऊ शकतो. बाकीचा समुद्रातील कर्बाच्या उलाढालीत खर्च होतो. समुद्रजलात विरघळलेल्या सेंद्रिय गंधकाचा एकूण साठा किमान ६७० कोटी टन असल्याचा अंदाज २०१६ साली मांडण्यात आला. त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे न कुजता राहणाऱ्या रेणूंत अडकलेला आहे, व त्यांतील कर्बही त्यांच्यासोबतच अडकलेला आहे. हवामानशास्त्राचे लक्ष पूर्वी जवळजवळ संपूर्णपणे वायूवर होते. प्रस्तुत लेखकाच्या मते पाण्यात राहणारा हा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्यामानाने उपेक्षित राहिला.

हवेत गेल्यावर

हवेतील डीएमएस एक-दोन दिवसांतच हायड्रॉक्सिल मूलकांशी अभिक्रिया करून सल्फर डायऑक्साइड आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल यांत रूपांतरित होते. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्ल व त्यापासून अतिसूक्ष्म सल्फेट कण तयार होतात. बाष्पाला थेंब बनण्यासाठी असे कण लागतात. जमिनीपासून दूर, स्वच्छ सागरी हवेत हे कण मोजकेच असतात. म्हणून तेथे थोड्या कणांची भर पडली तरी ढगातील थेंबांची संख्या बदलते. तेवढेच पाणी अधिक व लहान थेंबांत विभागले गेले की ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त सूर्यप्रकाश परतवतो. हे तत्त्व शॉन टुमी यांनी १९७० च्या दशकात मांडले होते.

१९८७ साली रॉबर्ट चार्लसन, लव्हलॉक, मायन्राट आंद्रेए आणि स्टीफन वॉरेन यांनी या सर्वांची साखळी जोडून एक गृहीतक मांडले. समुद्र तापला की शैवाल अधिक डीएमएस सोडील, त्यातून अधिक मेघकण बनतील, ढग उजळतील, ऊन कमी पोहोचेल आणि समुद्र पुन्हा थंड होईल. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते ‘क्लॉ’ गृहीतक म्हणून प्रसिद्ध झाले. सजीवसृष्टी स्वतःच पृथ्वीचे तापमान सावरते, ही कल्पना मनाला भुरळ घालणारी होती. तिच्यामुळे समुद्रशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि वातावरणशास्त्रज्ञ प्रथमच एका प्रश्नाभोवती जमले, हे तिचे निर्विवाद श्रेय.

पुराव्यांनी मात्र तिला फारशी साथ दिली नाही. अंटार्क्टिकातील बर्फाच्या गाभ्यात साठलेल्या सल्फेटची ७ लाख ४० हजार वर्षांची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. हिमयुगे आली आणि गेली, तरी समुद्रजन्य सल्फेटचा प्रवाह जवळजवळ स्थिर होता. तापमानाच्या एवढ्या चढउतारात जो नियंत्रक हलला नाही, त्याला नियंत्रक म्हणणे अवघड आहे. त्यानंतर २०११ मध्ये पॅट्रिशिया क्विन आणि टिमथी बेट्स यांनी साखळीतील प्रत्येक कडी तपासून दाखवले की, सागरी हवेतील मेघकणांत मिठाचे व सेंद्रिय कणही मोठ्या प्रमाणात असतात, आणि डीएमएस वाढले तरी मेघकण त्या प्रमाणात वाढत नाहीत. समुद्रात असा सोपा तापमाननियंत्रक बसवलेला नाही, असाच याचा अर्थ.

गंधकाचा हवामानावर परिणाम नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. परिणाम आहे, तो कोणत्या दिशेने व किती बदलेल, हा प्रश्न खुला आहे. रसायनशास्त्रही अजून पुरते हाती आलेले नाही. डीएमएसच्या विघटनात तयार होणारा एक महत्त्वाचा मध्यस्थ रेणू २०२० साली प्रथम प्रत्यक्ष वातावरणात मोजला गेला. पहिल्या वाटेवरचा मिथेनथायोल हा वायूही समुद्रातून लक्षणीय प्रमाणात बाहेर पडतो आणि ज्ञात सागरी गंधक-उत्सर्जनात सुमारे एक चतुर्थांश भर घालतो, असे २०२४ मधील एका अभ्यासात आढळले. वर्षानुवर्षे प्रारूपांत हा वायू जवळजवळ धरलाच जात नव्हता.

आम्लीकरणाचा पेच

समुद्र मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा शोषून घेतो आणि त्यामुळे त्याची आम्लता वाढते. मोठ्या तरंगत्या पिशव्यांत समुद्रजल घेऊन त्यातील कार्बन डायऑक्साइड वाढवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांपैकी अनेकांत डीएमएसचे प्रमाण घटले. या निष्कर्षांवर आधारलेल्या जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रारूपात, २०१३ साली, या शतकाअखेर डीएमएसचे उत्सर्जन औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १८ टक्के कमी होईल आणि त्यामुळे ०.२३ ते ०.४८ अंश सेल्सिअस इतकी अतिरिक्त तापमानवाढ संभवते, असे दिसून आले. या आकड्याकडे सावधपणे पाहायला हवे. ध्रुवीय पाण्यातील काही प्रयोगांत अशी घट दिसली नाही. तरीही शक्यता गंभीर आहे. १९८७ च्या गृहीतकात समुद्र तापमानवाढीला लगाम घालणार होता. येथे तोच समुद्र कर्ब शोषल्यामुळे ऊन परतवण्याची आपली क्षमता गमावतो.

हिंदी महासागर आणि आपल्या संस्था

समुद्रात डीएमएस कोठे, केव्हा, किती असते, हे दाखवणारा २०११ चा जागतिक नकाशा सुमारे ४७ हजार मोजमापांवर बेतलेला होता आणि त्याने वार्षिक उत्सर्जन २.८१ कोटी टन गंधक इतके धरले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२२ साली त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात हा आकडा २.७१ कोटी टन आहे. एकूण बेरीज फारशी बदललेली नाही, पण प्रदेशनिहाय व मासिक वाटणीत फरक पडले आहेत आणि हवामान प्रारूपांसाठी खरे महत्त्व त्या वाटणीलाच असते.

अरबी समुद्र या बाबतीत विशेष आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि प्लवकांची प्रचंड वाढ होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर अशा पाण्याचा दीर्घकाळ मागोवा घेतला असून, प्राणवायू संपलेल्या थरात डीएमएसचे प्रमाण उघड्या समुद्रातील नेहमीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले तिच्या शास्त्रज्ञांना आढळले. वर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण असल्याने ते लगेच हवेत जात नाही. जमिनीवरून वाहून येणारी खते या प्राणवायूच्या टंचाईत भर घालू शकतात, हे शेतीशी संबंधित प्रत्येकाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच संस्थेचा एक प्रयोग येथे आठवतो. २००९ च्या सुरुवातीस जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह दक्षिण महासागराच्या अटलांटिक भागात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर लोह सोडण्यात आले. लोह दिले फेरस सल्फेटच्या रूपात, म्हणजे आपण लोहाच्या कमतरतेवर फवारतो त्या हिराकसाच्या. प्लवक वाढावेत, त्यांनी कर्ब ओढून तळाशी न्यावा, ही अपेक्षा होती. प्लवक वाढले, परंतु त्या पाण्यात सिलिका अपुरी असल्याने जड कवचाचे डायाटम वाढले नाहीत, लहान प्लवकांना प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले, आणि फारच थोडा कर्ब खोल गेला. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस झालेल्या अशाच एका प्रयोगात पृष्ठजलातील डीएमएस सुमारे तिपटीने वाढले होते. कोणती जात वाढते यावर कर्ब व गंधक या दोहोंचा मार्ग ठरतो. समुद्राला खत घालून हवामान सुधारण्याच्या योजना अधूनमधून पुन्हा डोके वर काढतात. त्यांचा विचार करताना एकाच मूलद्रव्याचा हिशेब पुरत नाही.

पुन्हा शेताकडे

मानवनिर्मित सल्फेट कणांनी आजवरच्या तापमानवाढीपैकी सुमारे अर्धा अंश सेल्सिअस झाकून ठेवला आहे, असे आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. आरोग्याच्या दृष्टीने हवा स्वच्छ करणे अपरिहार्य आहे आणि ती स्वच्छ होत आहे. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. मानवनिर्मित गंधक जसजसे घटेल, तसतसा समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक गंधकाचा सापेक्ष वाटा वाढेल आणि वर सांगितलेल्या अनिश्चिततांचे वजनही वाढेल.

याच बदलाची दुसरी बाजू जमिनीत दिसते. पश्चिम युरोपात सल्फर डायऑक्साइडवर निर्बंध आल्यानंतर पावसातून मिळणारे फुकटचे गंधक आटले आणि मोहरीवर्गीय तेलबियांत, जेथे पूर्वी कोणी गंधकाचा विचारही करीत नसे, कमतरतेची लक्षणे दिसू लागली. खतांत गंधक घालावे लागले. भारतातील तेलबिया व कडधान्यांच्या अनेक क्षेत्रांत गंधकाची कमतरता आधीपासूनच आहे, आणि गंधकविरहित डीएपी व युरियाच्या वाढत्या वापराने ती वाढली. समुद्रातून हवेच्या मार्गाने येणारे गंधक किनाऱ्यापासून दूर जावे तसे विरळ होत जाते; दख्खनच्या पठारावरील भुईमूग किंवा सोयाबीन त्यावर विसंबून राहू शकत नाही. तेथे माती परीक्षण अहवालातील उपलब्ध गंधकाचा रकाना पाहून जिप्सम किंवा सिंगल सुपर फॉस्फेटची मात्रा ठरवावी लागते.